चुन्याखालचा गुलाब

सोमवार, ९ सप्टेंबर

समुद्रात अठ्ठावीस मीटर खाली रांजणाचा एक तुटका कान, उचलायची मूठ, हातात आला आणि मला घरचा जिना आठवला. का? सांगता येत नाही. दोनदा लिहून खोडलं.

जहाज बुडून दोन हजार वर्षं झाली. लाकूड कधीच गेलं. उरलाय तो रांजणांचा ढीग, खडकाच्या कुशीत, वर नारिंगी स्पंज वाढलेले. बहुतेक फुटके.

वर आल्यावर झाखारी म्हणाला, "थेमेलिना, खाली हात काय धरून बसली होतीस त्याचा? लग्न ठरवत होतीस?" झाखारी माझा पाण्यातला जोडीदार. एकट्यानं कुणी उतरायचं नाही असा नियम. या उत्खननाच्या प्रमुख आस्पासियाबाई, त्या हसल्या नाहीत. "शिक्का असलेला एक कान मिळाला तर जहाज कुठून निघालं ते सांगता येईल. नाहीतर नुसती खापरं."

मंगळवार, १०

आमच्या जिन्याच्या पायथ्याशी एक रांजण आहे. मला कळायला लागल्यापासून आहे. ईस्टरच्या आधी पायऱ्यांना चुना देतात, तसा त्यालाही. सहा वर्षांची झाले तेव्हापासून ते काम माझं. थरावर थर चढलेत.

आज त्याचा कान नखानं खरवडला. वळण तेच, कोपर दुमडल्यासारखं. आणि चुन्याखाली शिक्का. मधे गुलाब, भोवती अक्षरं.

कामावर घेताना माझी सही घेतली होती — घरात पुराणवस्तू नाही. मी लगेच केली. तसं खरंच वाटत होतं.

बुधवार, ११

आजही शिक्का नाही. बाई थकल्या आहेत, पुरातत्त्व खात्याकडून फक्त महिनाअखेरपर्यंतची मुदत. मी गप्प. घराण्यातली पहिली पदवीधर, आणि तोंडात बोळा.

शनिवार, १४

आज क्रूसाचा सण. चर्चमधून सब्ज्याची डहाळी मिळते. आई ती देवापुढे ठेवते. बाबा दरवर्षी आपली डहाळी रांजणाच्या तोंडात ठेवतात. मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"जुना आहे," म्हणाले.

"बाबा, त्याच्या कानावर गुलाब आहे."

बाबा पायरीवर बसले. मग नोमिकोसकाकाचं नाव काढलं. हा बाबांचा धाकटा भाऊ, माझ्या जन्माआधीच गेलेला. समुद्रतळाचे स्पंज विकायला काढताना गेला, एवढंच घरात सांगत आले.

"स्पंज कुठले त्या साली? रोगानं सगळे सडलेले. आम्ही रांजण काढत होतो, पोरी, तुमच्या त्याच ढिगातून. विकायला. तो खाली, मी होडीवर. त्याच्या कमरेची दोरी माझ्या हातात. दोन झटके दिले की माल ओढायचा. तीन दिले की त्याला."

डहाळी रांजणाच्या तोंडात नीट बसवली.

"मी दोन मोजले. माल ओढला. इतका अख्खा रांजण कधी आला नव्हता. मी तो कवेत घेऊन हसत होतो. हसत होतो, आणि होडीवरून त्याला जाणारी हवेची नळी सैल पडली."

तिसरा झटका आला होता का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तेच तर. तेहेतीस वर्षं मोजतोय."

रविवार, १५

आईनं जिन्यावरचं सगळं ऐकलं होतं. आज भाजी चिरता चिरता म्हणाली, "शिकवली ती बापाला कोर्टात उभा करायला?"

"मी कुणाला काही बोललेले नाही, आई."

"तुझं गप्प बसणं बंदरावर ऐकू जातं."

कायदा मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलाय. ज्याच्या ताब्यात वस्तू सापडेल त्याच्यावर खटला. तुरुंगही होऊ शकतो. बाबांना तीन पायऱ्या चढल्या की धाप लागते.

सोमवार, १६

खाली गेले, काम केलं, वर आले.

मंगळवार, १७

बाबांनी आपणहून विषय काढला. "त्या फुलावरून तुमचं जहाज कळेल?"

"ऱ्होड्स बेटावरून निघालेलं. गुलाब त्यांचाच. शिक्क्यात अधिकाऱ्याचं नाव आहे, त्यावरून कधीचं तेही कळेल."

"आणि खलाशी?"

"त्यांचं काही नाही कळणार, बाबा."

"कुठून निघाले एवढं तरी," म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

गुरुवार, १९

कामावरून आले तर रांजण मातीच्या रंगाचा! लाकडाच्या पट्टीनं बाबांनी दिवसभर चुना काढला होता. अंगणभर पांढरी भुकटी, त्यांच्या भुवयांवरसुद्धा. पंचवीस वर्षं समोर असलेली वस्तू मी आज पहिल्यांदा पाहिली. सुंदर आहे.

"सोमवारी मी तुझ्याबरोबर येतो," म्हणाले. "मीच ओढला, मीच लपवला. सांगतो तसं." आईला कोट काढायला सांगितला, चर्चला जायचा. तिनं तो इस्त्री केला. बाही दोनदा केली.

शुक्रवार, २०

दिला.

बाबा उठायच्या आत, कांबळ्यात गुंडाळून, झाखारीच्या गाडीतून. त्यानं आज एकही विनोद केला नाही.

परत आले तेव्हा बाबा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. तिथे फरशीवर एक गोल उरलाय, चुना न लागलेला. मी सांगितलं, "कोणाला सापडला असा रकाना होता. काकाचं नाव लिहिलं." त्यांनी मान हलवली. मग तोंड फिरवून रडले.

खालच्या रकान्याचं सांगितलं नाही. कोणाच्या ताब्यात होता. आस्पासियाबाई म्हणाल्या होत्या, "नीट विचार करून लिही, मुली. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही." मी स्वतःचं नाव लिहिलं, सही केली आणि कामावर घेताना मिळालेली, हवेच्या टाक्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.