गोमटेशची एनॉर्मिटी

सांगली, १२ जानेवारी २०२५

चि. गोमटेश यास आईचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

अण्णांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पुस्तिका मिळाली. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. अण्णांनी जे केलं त्याची एनॉर्मिटी आम्हाला आता कळते आहे, ही तुझी इंग्रजी ओळ मी चारदा वाचली. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलं हा शब्द मोठेपणा म्हणून लिहायची आणि मी लाल शाईनं शेजारी लिहायची, घोर अन्याय, अक्षम्य कृत्य. माझा मुलगा ती चूक करणार नाही.

दीपालीनं जातीबाहेर, म्हसवडच्या सयाजीशी लग्न केलं, तेव्हा अण्णांनी जिवंत लेकीच्या नावानं घरभर सुतकाच्या आंघोळी करायला लावल्या. अकरा वर्षं त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. तू काढलंस, तेही छापून. फार बरं वाटलं रे. कामाला येणारी बनाबाई म्हणते, आक्का आज लय दिवसांनी दोन घास जास्त जेवल्या.

तुझी,
आई

सातारा, २० जानेवारी

ती. आईस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून घाम फुटला. आई, मला मोठेपणाच म्हणायचं होतं गं. बोर्डिंगच्या मुलांना अण्णा दरवर्षी धान्य द्यायचे, ते डोळ्यांपुढे होतं. इंग्रजीत मी काठावर पास, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? दुरुस्तीच्या पट्ट्या छापायला टाकल्यात, उरलेल्या प्रतींवर चिकटवतो. ताईचं म्हणशील तर अण्णा गेले, आता उकरून काय मिळणार? तू तब्येतीला जप. माया आणि तुझी नात सृष्टी नेहमी आठवण काढतात.

तुझा,
गोमटेश

सांगली, २९ जानेवारी

चि. गोमटेश यास अनेक आशीर्वाद.

पट्ट्या खुशाल चिकटव. तुझ्यावर राग नाही. आठ दिवस वाटत होतं, हे जाणणारे आपण दोघं आहोत. आता पुन्हा मी एकटीच. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून घेते, मग घर फार मोठं वाटतं.

एक प्रत मी आधीच म्हसवडला धाडली होती. काल दीपालीचं उत्तर आलं, अकरा वर्षांत पहिलंच. तिनं एवढंच विचारलंय की गोमूनं हा शब्द समजून लिहिला का. खोटं लिहावंसं फार वाटलं. पण तिला खरंच कळवलं: नाही, त्याला अर्थ ठाऊक नव्हता. मला होता, त्या दिवशीही होता, तरी मी डोक्यावरून पाणी घेतलं. तेव्हा तो शब्द माझा समज, आणि अण्णांच्या जोडीनं मलाही लाव.

तिचं पत्र आज टपालात टाकलं. लोभ ठेवशील ना?

तुझी,
आई