एकरंगी पडद्यावरचं झाड

प्रिय गुंड्या,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातली एक हवेबद्दल आणि एक सर्दीबद्दल! गोदामात दिवसभर खोकी उचलून हात दुखत असतील हे मान्य, पण सख्ख्या बहिणीला लिहिताना इतका हात आखडता घेतात का? मी तुझ्यासारखी नाही. आज स्वेटर विणायची मशीनं बंद आहेत, आई शेजारी गप्पा मारायला गेली आहे आणि ती लवकर उठत नाही हे तुला माहीतच आहे. तेव्हा ऐसपैस बसून लिहिते. तूही जरा निवांत बसून वाच, उभ्या उभ्या खिशात कोंबू नकोस.

मोठी बातमी म्हणजे आपल्या घरात मॉनिटर आला. मामानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिला हे मागे कळवलं होतं. म्हणायला कॉम्प्युटर, दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड. त्याला स्वतःचा पडदा नाही, घरच्या टीव्हीला जोडायचा. मी मासिकं वाचून वाचून त्यावर एक प्रोग्राम लिहिला. स्वेटरवरची नक्षी पडद्यावर चौकोनाचौकोनांनी भरायची, एक चौकोन म्हणजे एक टाका. लहान मापाची नक्षी मोठ्या मापाला हवी असेल तर कॉम्प्युटर आपणच वाढवून देतो. बाबा हेच काम आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी करायचे आणि प्रत्येक मापाला नवा कागद घेऊन बसायचे. पहिल्यांदा त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा चष्मा आणायला गेले. तिसऱ्यांदा मला खुर्चीवरून उठवून स्वतःच बसले.

पण टीव्ही एक आणि उमेदवार दोन. आईची मालिका आणि माझी नक्षी यांची वेळ नेमकी एकच. एकदा मी पूर्ण गळापट्टी भरत आणली होती, कॅसेटवर साठवायची तेवढी राहिली होती, आणि आईनं सरळ वायर उपटून टीव्हीवर मालिका लावली. मी घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, “तुझा स्वेटर उद्या विणता येईल, तिचं लग्न आज मोडतंय.” शेवटी ठरलं की कॉम्प्युटरसाठी वेगळा पडदा घ्यायचा. रंगीत मॉनिटरचा भाव ऐकून बाबांना ठसका लागला. म्हणजे मग एकरंगी. एकरंगीतही तीन जाती असतात, हिरवा, पिवळसर केशरी आणि पांढरा, आणि त्यांतला कुठला घ्यायचा यावर आपल्याकडे जी चर्चा झाली तेवढी मामाच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

दुकानाच्या गोष्टीकडे जाण्याआधी एक सांगितलंच पाहिजे, ते टाळून पुढे लिहिता येत नाही. तुझा विषय. तू गेलास त्याला दोन वर्षं होतील. तू विणलेल्या त्या झाडाच्या नक्षीच्या स्वेटरांवर मी अजूनही हसते, हे कबूल करते. सगळी खोडं हिरवीगार आणि पानं तपकिरी! पण बाबा तेव्हा हसले नाहीत, कामावरच्या सगळ्या बायकांसमोर तुला नको नको ते बोलले. तू मान खाली घालून ऐकलंस आणि त्याच आठवड्यात बॅग भरलीस. मग तिकडे गाडी चालवायच्या नोकरीसाठी गेलास, तिथल्या डॉक्टरनं नजर तपासायचं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं आणि तेव्हा तुला, आणि आम्हालाही, कळलं की तुझ्या डोळ्यांना हे रंग वेगळे दिसतच नाहीत. तुझं ते पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, पण ते म्हणाले होते, “सबबी सांगतोय. हिरवं ते हिरवं. ते न दिसायला काय झालं?” आणि विषय बंद. तुझं नाव निघालं की ते उठून लोकर मोजायला जायचे. मी दोघांच्या मध्ये, तुला त्यांची खुशाली कळवायची आणि त्यांना तुझी, जणू मी पोस्टमनच. खरं सांगू? फार जीव तुटायचा. तुझा हात मशीनवर जसा चालतो तसा आपल्यात कुणाचाच चालत नाही, आणि तू तिकडे खोकी उचलतोस.

तर दुकानाकडे वळू. मी, बाबा आणि तुझा दोस्त मीटर, असे तिघं गेलो. मीटर म्हणजे तोच रे, रेडिओ दुरुस्त करणारा. अजूनही शर्टाच्या खिशात ते मोजायचं यंत्र घेऊन हिंडतो, जेवायला बसतानाही काढत नाही. तो आला नसता तर आम्ही फसलोच असतो, कारण सगळ्यांत स्वस्त दिसणारा मॉनिटर आपल्या कॉम्प्युटरचा सिग्नल घेतच नव्हता. त्यानं मागं वाकून वायरीचं भोक पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी कॉम्प्युटर, कॅसेटप्लेअर आणि सगळ्या वायरी पिशवीत भरून नेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, “ताई, घर हलवताय का?” मी म्हटलं, माझी नक्षी तुमच्या पडद्यावर पाहिल्याशिवाय मी पैसे काढणार नाही. लग्नाच्या मुलीला सुद्धा आधी बघतात. त्या बिचाऱ्यानं आम्हाला टेबल मोकळं करून दिलं.

बाबा घासाघीस करायला आले होते आणि त्यांची तयारी जोरात होती. त्यांनी मॉनिटर लोकर पारखावी तसा पारखला. काचेवरून बोट फिरवलं, दाराशी उजेडात नेता येईल का विचारलं आणि वर अगदी गंभीरपणे म्हणाले, “हा हिरवा पुढे फिका पडत नाही ना?” मीटर तोंड फिरवून हसत होता. हिरवा पडदा डोळ्यांना शांत वाटला, पण त्यावर एखादी खूण हलवली की मागे क्षणभर शेपूट राहायची. पांढरा सुरेख होता, कागदावर छापल्यासारखा, पण भाव रंगीतच्या शेजारी जाऊन बसलेला. केशरी पडद्यावर शेपूट नव्हती आणि भावही आवाक्यात होता. माझं मन तिथंच बसलं होतं. तरी मीटर म्हणाला, खरी नक्षी लावून बघ, म्हणून मी कॅसेट सुरू केली. कॅसेटवर पहिली नक्षी कुठली होती? तुझं झाडच. मुद्दाम नव्हतं केलं, शपथ. बाबांच्या कागदांतली सगळ्यांत सोपी नक्षी ती, म्हणून शिकताना मी तीच आधी उतरवली होती.

घरच्या टीव्हीवर ते झाड छान दिसायचं, पानं हिरवी, खोड तपकिरी. इथं पडद्यावर एक केशरी ढेकूळ आलं. माझे दोन्ही रंग उजेडाला अगदी सारखे निघाले होते, त्यामुळे एकरंगी पडद्यावर फरकच राहिला नव्हता. बाबा पुढे झाले, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, “अगं, यात पानं कुठली आणि खोड कुठलं?” मी वायर हलवून बघत होते. काही विचार न करता माझ्या तोंडून गेलं, “बाबा, त्याला हे असंच दिसत असणार.”

गुंड्या, अगदी असंच नव्हे, एवढं मलाही कळतं. तुला निळा दिसतो, पिवळा दिसतो. पण या दोन रंगांपुरतं तरी असंच. बाबा हिरव्या पडद्यावर लाव म्हणाले. लावलं. तिथंही ढेकूळ. मग पांढऱ्यावर लावायला सांगितलं, तिथंही तेच. पांढऱ्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले, बोटानं काचेवर पानं शोधत. मग दुकानदाराच्या स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, “आणि मी त्याला सगळ्यांदेखत बोललो.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी मीटरकडे पाहिलं, मीटरनं छताकडे पाहिलं. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक नाराज होऊन हातचं जातंय, म्हणून त्यानं आपणहून किंमत उतरवली. बाबांनी घासाघीस न करता केलेली ही जन्मातली पहिली खरेदी.

केशरीच घेतला. आता तो माझ्या टेबलावर आहे, आईची मालिका निर्विघ्न चालू आहे, आणि त्या मुलीचं लग्न मोडलं नाही, विचारशील म्हणून सांगते. पण एकरंगी पडदा आणला म्हणजे रंगांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. मी प्रोग्राम बदलला. चौकोनात आता रंग भरत नाही, खूण भरते. हिरव्याला ठिपका, तपकिरीला फुली, लालला तिरकी रेघ, मागच्या मूळ रंगाच्या लोकरीला रिकामा चौकोन. पडद्यावरून कागदावर उतरवतानाही तेच. पहिल्यांदा वाचायला जड गेलं, आता उलट टाके चुकत नाहीत. दिवेलागणीला खोलीतले रंग फसवतात, खुणा फसवत नाहीत. हे काही मी फार डोकं चालवून शोधलेलं नाही, पडदा स्वस्तातला घेतला म्हणून सुचलं.

पुढचं मात्र बाबांनी केलं, आणि ते सांगायलाच आज लिहायला बसले. गेल्या आठवड्यापासून ते लोकर गुंडाळलेल्या एकेका कोनाला कापडाची पट्टी शिवताहेत. हिरव्या कोनाच्या पट्टीवर काळ्या दोऱ्यानं ठिपका, तपकिरीवर फुली. मांडणीवरचे सगळे कोन झाले, माळ्यावरचे चालू आहेत, बोटांना टोचून घेताहेत आणि मला हात लावू देत नाहीत. कॉलर लावणाऱ्या मावशी काल कुरकुरल्या, आम्हाला रंग दिसतात की दादा, कशाला हा उपद्व्याप? तर म्हणाले, “आपल्यातल्या एकाला दिसत नाहीत. म्हणून आता सगळ्यांनी खुणा वाचायच्या.” आपल्यातल्या एकाला, असं म्हणाले. आज सकाळी मी म्हटलं, बाबा, हे त्याला तुम्हीच लिहा. म्हणाले, मला जमायचं नाही, तू लिही, पण मी सांगतो ते वाक्य जसंच्या तसं घाल. ते असं, “चूक त्याच्या डोळ्यांची नव्हती, माझ्या कागदाची होती. कागद मी बदललाय. आता त्यानं घरी यावं.” आत्ता बाहेर येऊन त्यांनी हे वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, मग चपला घालत म्हणाले, पाकीट बंद कर, पोस्टात मीच टाकून येतो.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ताई