पेटी किती सरकली

३ फेब्रुवारी

रहिमतपूरला पोचले एकदाची! खोली झकास, राहीबाईंच्या घरात, माडीवर. चहा पुढे करत त्यांनी विचारलंच, एवढीशी पोर रुळाखाली भोक पाडनार व्हय? पाडणार तर! मालगाड्यांचा नवा मार्ग प्रवासी गाड्यांच्या रुळांखालून जाणार आहे. सिमेंटची घराएवढी पेटी जॅकने रेटत भरावात घालायची, वर गाड्या हळूहळू चालूच. रोज पेटी किती सरकली ते मोजून नोंदवहीत लिहिणं माझं काम. मार्चमध्ये नोकरी पक्की होणार. खंडाळ्याला आईला फोन केला तर तिला रडूच आलं.

६ फेब्रुवारी

पहिला मीटर सरकला. मुकादम धनाजीमामा आटपाडीकडचे, घर मेंढरंवाल्यांचं. पेटीच्या पुढच्या तोंडाशी माती काढतात आणि संध्याकाळी आतल्या भिंतीवर खडूने आकडा लिहितात. माझी टेप आणि त्यांचा खडू तंतोतंत जुळले. माणूस आवडला मला, फक्त तंबाखू फार मळतात.

१० फेब्रुवारी

कालपर्यंत चार मीटर, सगळं सुरळीत. आज जॅकने एक मीटर रेटलं आणि पेटी दोन सरकली. तीनदा मोजलं. धनाजीमामा म्हणाले, “म्याडम, आमी ढकलतूय, पर म्होरनं कोन तरी वडतंय.” मी हसले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून बाळासो साहेबांना, आमच्या वरिष्ठांना, फोन लावला. त्यांनी सुनावलं की जॅकपेक्षा जास्त आकडा लिहिलास तर चौकशी लागेल, काम थांबेल आणि मार्च विसर.

मी एक लिहिलं.

१३ फेब्रुवारी

आज रेटलं एक, सरकली तीन. लिहिलं एक. भिंतीवर मात्र खडूचे खरे आकडे. मीच पुसायला लावले. धनाजीमामा ओल्या फडक्याने पुसत राहिले, माझ्याकडे बघितलं नाही. लाज वाटली. खरं आता फक्त माझ्या या रोजनिशीत आहे: नोंदवहीत आठ, प्रत्यक्षात चौदा.

१४ फेब्रुवारी

जॅकला हातही लावला नाही. तीन सरकली. मजूर गाठोडी बांधून गेले. साहेबांना उद्या एक मीटर हवाच.

१५ फेब्रुवारी

मी हात जोडले म्हणून धनाजीमामा एकटे आत गेले. वरून पॅसेंजर गेली. मग त्यांची हाक. धावले. समोरची माती आपल्याकडे ढासळत नव्हती — पुढे चालली होती, आत. मागे भराव बसला. बाहेर पडायचं तोंड बुजलं.

मामांचा पाय गुडघ्यापर्यंत मातीत. ओढते — पलीकडूनही कोणी —

फोनला रेंज नाही. बॅटरीच्या उजेडात लिहितेय.

नंतर

खणतायत! वरून आवाज येतोय! मामांना हलवून सांगितलं. ते पुटपुटले, “कुटल्या आकड्याला खांदत्यात, म्याडम?”

नोंदवहीतल्या. माझ्या. आठव्या मीटरवर.

आम्ही सतराव्यावर.

ओरडले. घसा फुटेस्तोवर. देवा, मी एक आकडा खरा लिहिला असता तर —

नंतर

मामा नाहीत. मातीत त्यांचं फडकं. मी हात धरला होता, घट्ट — मीच नेलं त्यांना आत, मीच —

पेटी सरकतेय. खणण्याचा आवाज मागे राहतोय.

त्यांचा खडू सापडला. भिंतीवर लिहितेय. खरं लिहितेय, मामा. अठरा.

आवाज अगदी बारीक.

एकोणीस.

आवाज नाही.

वी —