काळ्या मुंगीचं डोकं

प्रिय शिला,

हे पत्र बाबूसिंगच्या जीपबरोबर गोरेगावला, तुझ्या माहेरी पाठवतो आहे. फोनवर सांगायला तीनदा बसलो. दर वेळी मागून आपल्या बाळाचा, सेवाचा आवाज आला आणि मी हरभऱ्याचं काहीतरी बोलून फोन ठेवून दिला.

याडी बरी आहे. नातवाची पहिली होळी, त्याच्या धुंडीचा सोहळा आपल्याच तांड्यावर होणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्याच्यासाठी आरसे लावलेलं टोपरं शिवलं आहे. तुम्ही सोमवारी निघताय हा निरोप तिने मला दोनदा सांगायला लावला.

श्रावणातला तो दिवस मी विसरत नाही. तू निंदत होतीस, चार महिन्यांचं लेकरू बाभळीखालच्या झोळीत होतं. दोरीवरून लाल मुंग्या उतरल्या. त्याचं अंग फुगलं, श्वास अडकला. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा चावल्या तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून तू माहेरी आहेस.

आणि मी धरणाजवळच्या माशीघरात कामाला लागलो. तिथलं काम तुला नीट कधी सांगितलं नाही. त्या लाल मुंग्या बाहेरदेशच्या, म्हणून त्यांच्यावर तिकडचीच माशी आणली होती, मोहरीहून लहान. मुंगीच्या पाठीला क्षणभर टेकते आणि आत अंडं घालते. अळी डोक्यात शिरते, पंधरा-वीस दिवसांनी डोकं गळून पडतं. मरतात थोड्याच, पण माशी दिसली की बाकीच्या मुंग्या बिळाबाहेर पडत नाहीत. म्हणून मी म्हणायचो, माश्या सुटल्या की आपलं अंगण मोकळं होईल.

मात्र त्याआधी बघावं लागतं की ती माशी आपल्या इथल्या मुंग्यांना शिवते का. काचेच्या पेटीत इथल्याच मुंग्या ठेवायच्या, माश्या सोडायच्या आणि भिंगातून बघत बसायचं. ते काम माझं. साहेब म्हणायचे, "सुदाम, नववी शिकलास, पण तुझ्यावानी नजर आमच्या एमएस्सीवाल्यांची न्हाई." मी फुगायचो.

सहा जातींच्या मुंग्या झाल्या, एकीलाही माशी शिवली नाही. सातवी ती काळी, आपल्या सोयाबीनवरच्या अळ्या ओढून नेते ती. पौषात एका दुपारी माशी तिच्या पाठीला टेकली आणि उडाली. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. साहेबांना सांगितलं तर हसले. "धडकली असंल रे. इतकं बारीक काहून बघून राहिला?" मी ती मुंगी वेगळ्या डबीत ठेवली, साखरेच्या पाण्याचा बोळा दिला. फेकून दिली असती तरी कुणी विचारलं नसतं.

नवव्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो, बाजाराचा दिवस होता. बापू ओट्यावरून म्हणाले, "जावई, माश्या कवा सोडून राहिले? का लेकरू आमीच मोठं करावं?" मी म्हणालो, होळीच्या आधी, नक्की. तू हसलीस. मुंगी त्या दिवशी चालत होती. तेवढ्या बळावर मी बोललो.

सोळाव्या दिवशी सकाळी डोकं वेगळं पडलं होतं. आत अळी.

तासभर डबी हातात धरून बसलो. सोडलेली माशी माघारी बोलावता येत नाही. काळी मुंगी गेली तर पुढे शेताचं काय होईल, ते मला ठाऊक नाही. सेवाचं काय होईल ते ठाऊक आहे. तरी मी डबी साहेबांच्या टेबलावर ठेवली. शिला, एक गोष्ट आज पहिल्यांदा सांगतो. झोळी मी बांधली, तेव्हा बुंध्याशी दोन-चार लाल मुंग्या दिसल्या होत्या. दोन-चारच आहेत म्हणून सोडून दिलं. पुन्हा तसं करायला हात धजला नाही.

साहेबांनी ते डोकं भिंगाखाली धरून बघितलं. मग "बराबर केलं" म्हणाले आणि तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात सगळ्या माश्या गोठवून मारल्या. पेट्या मीच धुतल्या. माशीघराला कुलूप लागून महिना झाला. याडीला वाटतं मी कामावर जातो. मी धरणाच्या भिंतीवर बसून संध्याकाळी परत येतो.

काल उंबऱ्याखाली नवं वारूळ दिसलं. उकळतं पाणी ओतलं. आज सकाळी हातभर पलीकडे दुसरं आहे. म्हणून लिहितो आहे. सोमवारी जीपमध्ये बसू नकोस. धुंड तिकडेच करा. बापूंना खरं सांग, मी अडवलं असं सांग. ते रागावतील, तूही रागावशील, आणि ते मला चालेल. याडीची समजूत मी घालीन. पण मग कधी येऊ, असं तू विचारशील. शिला, ते मला लिहिता येत नाही.

अजून तरी तुझाच,
सुदाम