मागच्या काचेचं भोक

चिरंजीव धाकट्यास (की आता स्वतःच्या दुकानावर पाटी लागली म्हणून 'श्रीयुत' लिहावं?) थोरल्याचा आशीर्वाद. खोकला कसा आहे? इकडे तुझ्या वहिनीची कंबर आणि माझी जीभ सोडली, तर कुणाची तक्रार नाही.

लिहायला बसलो ते एका गाडीपायी. दोन वर्षांपूर्वी भांडून गेलास, तरी मला रंगवून दिलेली ती रिमोटवरची गाडी मागे ठेवून गेलास. मी ती दर रविवारी मैदानात पळवतो. (साठीचा माणूस, हातात रिमोट, लोक हसतात, हसू देत.) म्हणायला खेळणं, पण आत मुठीएवढं खरं इंजिन, आणि इंजिन म्हटलं की माझे कान टवकारतात. तिसऱ्या फेरीला त्याचा आवाज कोरडा, चिरका व्हायचा आणि गाडी बंद. तापत होतं बिचारं. वर तुझी ती पातळ प्लास्टिकची बॉडी, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी. चाळीस वर्षं मोठ्या गाड्या उघडलेल्या माणसाने (म्हणजे मी) विचारायचं कुणाला? कात्री घेतली आणि पुढच्या काचेला हात जाईल एवढं भोक पाडलं. हवा आत, काम फत्ते.

त्या रविवारी गाडीने सरळ पट्ट्यात वेग घेतला, बॉडी पिशवीसारखी फुगली, पुढची चाकं उचलली आणि गाडी थेट दातांच्या डॉक्टरांच्या पायाशी उताणी. (हे माझे प्रतिस्पर्धी. माझी कवळीही त्यांनीच बसवलेली.) "मालक, पळवताय की उडवताय?" मी हसलो. कवळी त्यांचीच, हसून दाखवणं भाग होतं.

इंजिन तापलेलं ते तापलेलंच. घरी तुझ्या वहिनीने बॉडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "हवा पुढून घेतलीत, पण जायची कुठून?" आणि भांडी घासता घासता म्हणाली, "भावोजी पंखा पंखा म्हणून हेच तर सांगत होते."

कात्री हातातच राहिली. आपल्या गॅरेजातल्या रंगाच्या खोलीला खिडकी आहे, पंखा कशाला, असं मीच तुला चार कारागिरांदेखत सुनावलं होतं. मी रुमाल बांधून रंग मारला, तू कोण लागून गेलास, हेही. इंजिनाची धाप मला पन्नास पावलांवरून ऐकू येते. तुझा खोकला सात वर्षं शेजारच्या खोलीतून येत होता.

मग मागची काच कापली, पुढच्यापेक्षा मोठी. इंजिन आठ फेऱ्या सुरात.

बॉडीची मात्र चाळण झाली. येत्या शर्यतीआधी नवी रंगवून पोस्टाने पाठव. रंग तुझ्या मर्जीचा (हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहितोय).

तुझा थोरला

ता. क. मागची काच कापताना कोपऱ्यातली तुझी सहीही कापली गेली. तो तुकडा चष्म्याच्या डबीत ठेवलाय.

आणखी एक. येत्या शर्यतीची थापच, ती गेल्या रविवारीच झाली, डॉक्टर जिंकले. तेव्हा घाई नाही, आणि पोस्टाचंही राहू दे. रंगाच्या खोलीत मागच्या भिंतीला पंखा बसवलाय. भोक मीच पाडलं, त्यामुळे वाकडं आहे. हवा नीट बाहेर जाते की नाही, ते तिथे कुणी रंगवायला उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.