डाक्तरीण व्हायचं राहिलं तेव्हा

जानेफळ,
डिसेंबर १९६५

प्रिय अमीना,

तुझं सासर संग्रामपूरला, माझी नोकरी जानेफळला. एकाच जिल्ह्याची दोन टोकं. पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. इथे दवाखान्यात डॉक्टर आणि मी, दोघंच. सकाळचे आजारी आटोपले की मी आसपासच्या खेड्यांवर गरोदर बायांना बघायला जाते. पाय भरून येतात, पण झोप छान लागते.

माझं मॅट्रिक तुला आठवतच असेल. गणितात दोनदा गेले. बाबांनी तर आपल्या सगळ्या वडनेर गावाला सांगून ठेवलं होतं, की आमची वच्छला डाक्तरीण होणार. मलाही तेच हवं होतं. तिसऱ्यांदा बसणार होते, पण पुस्तक उघडलं की रडू यायचं. तुझं लग्न होऊन तू गेलेली, सांगणार कोणाला? त्यातच आई आजारी पडली आणि तिच्यासोबत मी नांदुऱ्याच्या दवाखान्यात राहिले. तिथल्या नर्स सत्यभामाबाईंनी माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "पोरी, तुले डाक्तर म्हणून पाटी पाहिजे, का आजाऱ्याजवळचं काम पाहिजे?" आईला घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, काम पाहिजे. मग त्यांनीच सांगितलं, की नर्स-दाईच्या शिक्षणाला सातवी पुरते, दोन वर्षांत नोकरी लागते आणि पुढचं पुढे ठरवता येतं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. लोकांना काय सांगू, एवढंच म्हणत राहिले. तरी बुलढाण्याच्या एस.टी.त बसवायला माझी वळकटी घेऊन तेच आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "आता हे तरी नीट शिक." तो 'तरी' मला फार दिवस टोचला. दिवाळीनंतर ते इथे आले होते. बाकावरच्या बायांना, कोणी विचारलं नसताना, सांगत होते की नर्सबाई माझी पोरगी आहे. मी आत पट्ट्या गुंडाळत होते. हसू आवरेना.

मॅट्रिकचं गणित यंदा बाहेरून पुन्हा देणार आहे. सुटलं तर मोठ्या नर्सिंगला अर्ज करीन. नाही सुटलं तर हातातलं काम कुठे जात नाही. त्यामुळे आता पुस्तक उघडलं की रडू येत नाही.

पण हे पत्र गणितासाठी नाही लिहिलं. तुझ्या अम्मी मागच्या महिन्यात आईकडे बसून गेल्या, आईनं पत्रात कळवलं. संक्रांतीनंतर तू बाळंतपणाला माहेरी येणार म्हणे, आणि मागच्या वेळचं आठवून रोज रडतेस, कोणाला अंगाला हात लावू देणार नाही म्हणतेस. त्या वेळी मी तुझ्या उशाशी नुसती बसून होते. तुझं बाळ गेलं आणि मला काहीच करता आलं नाही. आता थोडंफार येतं. आपल्या वडनेरला नर्सची जागा रिकामी होती, मी लगेच बदली मागितली, काल हुकूम आला. तू जमेल तितकी लवकर ये. मी वेळोवेळी तपासत राहीन, आणि जराही वावगं वाटलं तर दिवस भरायची वाट न बघता तुला खामगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाईन. सगळं नीटच होईल असं वचन मी देत नाही, ते कोणीच देऊ नये. पण या वेळी तुझ्याजवळ मी असेन, आणि काय करायचं ते मला ठाऊक असेल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
वच्छला