अळणी पाववाल्याची शेवटची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाववाला, वय वर्षे एकाहत्तर, गावात 'अळणी' या नावाने ओळखला जाणारा, आपल्या मागे भांडणे उरू नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाविषयी त्यांनी तितकी हमी दिलेली नाही, म्हणून ही घाई.

१. भट्टी, दुकान व त्यातील सर्व सामान माझ्या मुलीला द्यावे. पिठात हात तिने घातले, मुलाने नाही. तेव्हा कोणी नाक मुरडू नये. अट एकच: पावातले मीठ वाढवायचे नाही. गिऱ्हाईक तुटले तरी नाही.

या अटीमागची हकीकत नोंदवणे जरूर आहे. माझे वडील भट्टीसमोर छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. पाठोपाठ चुलते गेले. आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत, असे लोक म्हणत आणि आम्हीही ते जरा ऐटीतच सांगत असू. पुढे दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आम्हा सगळ्या पाववाल्यांना बोलावून सांगितले, की डोंगराच्या या अंगाला हृदयविकाराने जितकी माणसे मरतात, त्याच्या निम्मीही पलीकडच्या अंगाला मरत नाहीत. मी म्हणालो, आमचे रक्तच तसले. त्यावर त्या म्हणाल्या, "पलीकडे तुमचेच नातेवाईक राहतात. रक्त एकच आहे. फरक ताटात आहे, आणि खिशातल्या सिगारेटींत."

बाकीचे हसले. मी मात्र मीठ कमी करीत गेलो, चिमूट चिमूट, कोणाला न सांगता. गिऱ्हाइकांच्या जिभेला कळलेही नाही. धाकट्या भावाला कळले आणि त्याने ते भर बाजारात सांगितले. 'अळणी' हे नाव त्या दिवशीचे. निम्मे गिऱ्हाईक गेले, भावाने वाटणी मागितली आणि भट्टीघराच्या मधोमध भिंत उभी राहिली. माझी बायको तेव्हा एवढेच म्हणाली, "येतील परत. जिवंत राहिले तर."

२. राहते घर मुलाला. त्याने सिगारेट सोडावी व रोज सकाळी पुलापर्यंत चालत जाऊन यावे. असली अट कोर्टात टिकत नाही, असे वकीलसाहेबांचे म्हणणे. टिको न टिको, बापाचा शब्द आहे. सूनबाईंनी लक्ष ठेवावे. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, हे अनुभवाने लिहितो.

३. बँकेतील शिल्लक दवाखान्याला, रक्तदाब तपासण्याची खोली बांधण्यासाठी. खोलीला माझे नाव देऊ नये. दिलेच, तर खरे द्यावे.

४. चौकातल्या किराणावाल्याने मला येता-जाता विचारले, "काय अळणी, मीठ देऊ का उसनं?" त्याला मी काहीही ठेवीत नाही. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नकोस, असा माझा निरोप त्याला द्यावा.

५. धाकट्या भावाला वडिलांची लाकडी काथवट. पीठ मळण्याच्या या एका भांड्यासाठी वाटणीत आम्ही सर्वांत जास्त भांडलो. एका सकाळी भिंतीपलीकडे पावांचे ट्रे कोसळल्याचा आवाज आला. मी धावलो. तो जमिनीवर पडला होता, घामाने निथळत. पावाच्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेले. वेळेवर पोचलो, म्हणून वाचला. त्यानंतर भावजय माझ्या मागच्या दाराशी येऊन त्याच्यासाठी पाव नेऊ लागली. मी काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही. वर्षभरात त्याच्याही पावातले मीठ उतरले.

हे सर्व आज वाचून दाखवले, तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भाऊ सहीसाठीच जिना चढून, मध्ये दोनदा थांबून, वर आला होता. त्याने कागद स्वतःकडे ओढून कलम पाच वाचले. मग म्हणाला, "दादा, माझं कलम खोड. मला सही करायचीय."

तरी कलम पाच रद्द समजावे. काथवट मुलीकडे जाईल.

स्थळ: भट्टीवरची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार

लिहून ठेवणार: अळणी पाववाला (सही)

साक्षीदार:
१. वकीलसाहेब (सही)
२. माझा धाकटा भाऊ (सही)